धानोऱ्याच्या वाटांवरील वाहन : टायरचा आकार आणि आसाचे गुणोत्तर

गडचिरोलीहून पूर्वेस मुरूमगावच्या दिशेने निघालेला डांबरी मार्ग सुमारे चाळीस किलोमीटरांवर धानोऱ्यास पोहोचतो. हे तालुक्याचे गाव मोठ्या मार्गावर असले, तरी तालुक्यातील पुष्कळशी वस्ती त्या मार्गापासून दूर, साग, ऐन, मोह आणि बांबू यांच्या रानात विखुरलेली आहे. अशा गावांना जोडणारी वाट कधी मुरमाची असते, कधी केवळ बंडीच्या चाकोरीची. महाराष्ट्रात हिवतापाचा उपद्रव ज्या जिल्ह्यात सर्वांत अधिक आहे, त्या गडचिरोली जिल्ह्याचा हा भाग आहे, आणि हिवताप व चिखल यांचा ऋतू एकच आहे. ज्या दिवसांत वाहनाची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत वाट सर्वांत वाईट असते. रुग्णास आणणारी जीपगाडी नाल्याच्या काठी रुतली, तर पुढील प्रवास बाजेवरून खांद्याने करावा लागतो. यास्तव, अशा वाहनास कोणते टायर घालावेत व त्याच्या आसातील दंतचक्रांचे गुणोत्तर किती असावे, हा प्रश्न येथे हौसेचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात बहुधा दोन तुकड्यांत शोधले जाते. टायर निवडताना केवळ उंची व रुंदी पाहिली जाते, आणि इंजिन ओढत नाही असे वाटू लागल्यावर गुणोत्तराचा विचार सुरू होतो. वस्तुतः चाकाचा व्यास आणि आसाचे गुणोत्तर ही एकाच हिशेबाची दोन पदे होत. एक बदलले की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. हा हिशेब कोठून सुरू करावा आणि धानोऱ्याच्या भूमीवर तो कोठे थांबवावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

भूमीचे तीन प्रकार

वाहनाच्या दृष्टीने या प्रदेशात तीन प्रकारची भूमी लक्षात घ्यावी लागते. पहिली, धानाच्या बांध्यांची. रोवणीपूर्वी चिखलणी केलेल्या बांधीत वरचा थर राडीसारखा मऊ असतो. परंतु वर्षानुवर्षे नांगर व पाय यांच्या दाबाने त्याखाली एक कठीण थर तयार झालेला असतो. दुसरी, कठाणीसारख्या नद्यांच्या व नाल्यांच्या पात्रांतील कोरडी रेती. हिवाळ्यात व उन्हाळ्यात ती ओलांडताना चाकाखाली टणक तळ असा लागतच नाही. तिसरी, रानातील मुरमाची, दगडांची व मुळांची वाट. तीवर पकड चांगली मिळते. पण दगड, चढउतार आणि तोडलेल्या बांबूचे धारदार खुंट यांमुळे वाहनाची वेगळीच परीक्षा होते.

या तिन्ही ठिकाणी चाकास मिळणारी पकड एकाच नियमाने समजून घेता येते. फ्रेंच अभियंता कुलोंब (१७३६–१८०६) याने मातीच्या कर्तन-विरोधाचे दोन भाग केले. एक भाग मातीच्या कणांच्या परस्परांस चिकटून राहण्याचा. तो चाक व भूमी यांच्या स्पर्शक्षेत्राबरोबर वाढतो. दुसरा भाग कणांच्या आपसांतील घर्षणाचा. तो चाकावरील भाराबरोबर वाढतो. ओल्या चिकण मातीत पहिला भाग प्रबळ असतो, म्हणून तेथे अधिक स्पर्शक्षेत्र हे अधिक पकड देते. कोरड्या रेतीत चिकटपणा जवळजवळ नसतोच. तेथे स्पर्शक्षेत्र वाढविल्याने पकड प्रत्यक्षपणे फारशी वाढत नाही. चाकाचे रुतणे मात्र कमी होते आणि त्यामुळे पुढे सरकण्यास होणारा विरोध घटतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच दिसला, तरी त्याची कारणे भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

व्यास, रुंदी आणि हवेचा दाब

मऊ भूमीत रुतणाऱ्या चाकाचा अभ्यास पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेकर या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यास पद्धतशीरपणे केला. त्याचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे चंद्रावर चालविलेल्या वाहनाच्या विकासातही त्याचा सहभाग होता. भूमी दाबत जाणाऱ्या कठीण चाकास होणारा विरोध त्याच्या सूत्रावरून काढता येतो. रुतण्याची खोली दाबाच्या प्रमाणात वाढते असे धरले, तर हा विरोध व्यासाच्या दोन-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात आणि रुंदीच्या एक-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे टक्केवारीने सारखीच वाढ केली, तर रुंदीपेक्षा व्यासाचा लाभ दुप्पट होतो. धानाच्या मुलखातील बंडीचे चाक उंच व अरुंद का असते, याचा उलगडा यातून होतो. लोखंडी धावेला हवेचा दाब कमी करण्याची सोय नाही. तेव्हा सुताराने चाकाचा व्यास वाढविला.

हवेच्या टायरला मात्र ही सोय आहे, आणि ती व्यासाहून अधिक मोलाची आहे. टायरचा भूमीस लागणारा भाग ही वर्तुळाची ज्या मानली, तर तिची लांबी व्यास आणि दबणे यांवरून काढता येते. ७३ सेंटिमीटर व्यासाचा टायर २ सेंटिमीटर दबला असता ही लांबी सुमारे २४ सेंटिमीटर येते. हवा कमी करून तो ४ सेंटिमीटर दबू दिला, तर ती ३३ सेंटिमीटर होते; म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के वाढ झाली. याउलट दबणे ४ सेंटिमीटरच ठेवून व्यास ८१ सेंटिमीटर केला, तर लांबी ३५ सेंटिमीटर, म्हणजे केवळ सहा टक्क्यांनी अधिक येते. प्रत्यक्ष टायरमध्ये हे आकडे थोडे कमी भरतात. परंतु त्यांची तुलना बदलत नाही. रेतीत उतरण्यापूर्वी दाब कमी करणे आणि पलीकडे गेल्यावर हातपंपाने वा लहान काँप्रेसरने पुन्हा हवा भरणे, हा मोठ्या टायरहून स्वस्त व अधिक परिणामकारक उपाय होय.

तथापि या उपायास धानोऱ्याच्या रानात एक मर्यादा आहे. हवा कमी झालेल्या टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि टायरचा सर्वांत दुर्बळ भाग हाच असतो. बांबूची तोड झालेल्या कूपात तिरके कापलेले खुंट नेमके त्याच उंचीवर उभे असतात. म्हणून कमी दाब हा रेतीपुरता व चिखलापुरता ठेवावा. रानवाटेवर दाब पूर्ववत असावा, आणि टायर निवडताना त्याच्या बाजूंचे थर भक्कम असल्याची खात्री करून घ्यावी.

रुंदीचा प्रश्न बांधी व नदीपात्र यांत वेगवेगळा सुटतो. कठीण थर जवळ असलेल्या बांधीत अरुंद टायर राड कापून तळाशी टेकतो आणि तेथे पकड मिळवितो. रुंद टायर राडीवर तरंगून घसरत राहतो. परंतु हा तळ आसाच्या गोळ्याखालील मोकळ्या उंचीच्या आत असला पाहिजे. गोळाच मातीवर टेकला, तर चाके कितीही फिरली तरी वाहन जागचे हलत नाही. ट्रॅक्टर व ट्रॉली यांनी खोल केलेल्या चाकोरीत जीपगाडी अडकते ती बहुधा याच कारणाने. येथे व्यास प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मात्र व्यास ८ सेंटिमीटरांनी वाढला, तर आस केवळ ४ सेंटिमीटरांनीच उंच होतो.

गुणोत्तराचा हिशेब

उदाहरणासाठी विलिसची सीजे-३बी ही गाडी घेणे सोयीचे आहे. टोलेडो येथे ती १९५३ ते १९६८ या काळात तयार झाली, आणि मुंबईत महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने तिचे उत्पादन त्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवले. तिची रचना साधी असल्यामुळे हिशेब स्पष्ट दिसतो. गिअर-पेटीतील पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ व दुसऱ्याचे १.५५, ट्रान्स्फर केसमधील मंद गतीचे २.४६, आणि आसातील क्राउन व पिनियन यांचे ५.३८. यांचा गुणाकार पहिल्या मंद गिअरमध्ये ३७ येतो. इंजिनचे सदतीस फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक फेरा पूर्ण होतो.

मूळच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३ सेंटिमीटर आहे आणि भाराखाली तो एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापतो. इंजिन मिनिटास १००० फेरे करीत असता या गिअरमध्ये गाडीचा वेग ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीइतका असतो. त्याऐवजी ८१ सेंटिमीटर व्यासाचे ७.५०-१६ हे टायर घातले, तर प्रत्येक फेऱ्यात अकरा टक्के अधिक अंतर कापले जाते. वेग ताशी ४ किलोमीटर होतो, आणि ५.३८ चा आस ४.८५ च्या आसाप्रमाणे वागू लागतो. मूळची स्थिती परत आणावयाची झाल्यास आसाचे गुणोत्तर ५.९७ असावे लागेल.

ही गुणोत्तरे हवी तशी मिळत नाहीत, कारण ती दातांच्या पूर्ण संख्यांवरून ठरतात. ५.३८ म्हणजे पिनियनचे ८ व क्राउनचे ४३ दात, ४.८८ म्हणजे ८ व ३९. गुणोत्तर वाढवावयाचे म्हणजे बहुधा पिनियन लहान करावयाचा किंवा त्याचे दात घटवावयाचे, आणि त्याबरोबर त्याची मजबुतीही घटते. येथे इतिहासातील एक योगायोग बोधप्रद आहे. युद्धकालीन विलिस जीपच्या आसाचे गुणोत्तर ४.८८ होते. १९४५ मध्ये आलेल्या नागरी जीपला, म्हणजे सीजे-२ए या गाडीला, टायर ६.००-१६ मापाचेच ठेवून आस मात्र ५.३८ चा व ट्रान्स्फर केस अधिक मंद दिली गेली, कारण तिच्याकडून शेतावर सावकाश ओढण्याचे काम अपेक्षित होते. आता ५.३८ च्या गाडीस ८१ सेंटिमीटरचे टायर घालणे म्हणजे आसापुरती ती पुन्हा युद्धकालीन गाडी करणे होय. शेतकामासाठी दिलेला लाभ टायरने परत घेतला जातो.

जोर कमी पडतो कोठे?

मोठ्या टायरने चिखलात जोर कमी पडेल, अशी भीती सामान्यतः व्यक्त केली जाते. आकडे मात्र वेगळे सांगतात. या इंजिनाचे अधिकतम परिबल मिनिटास सुमारे २००० फेऱ्यांच्या वेळी १५५ न्यूटन-मीटर आहे. प्रेषणातील घट सुमारे अठरा टक्के धरली, तर पहिल्या मंद गिअरमध्ये चारी चाकांच्या कडेस मिळून सुमारे १३,४०० न्यूटन जोर उपलब्ध होतो. भरलेल्या गाडीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम मानल्यास तिचे वजन १४,७०० न्यूटन होते. चिखलात पकड वजनाच्या एक-तृतीयांश धरली, तर भूमी स्वीकारू शकते तो जोर केवळ ४,९०० न्यूटन. टायर मोठे केल्यावर उपलब्ध जोर १२,१०० न्यूटनांवर आला, तरी तो भूमीच्या सामर्थ्याच्या अडीचपट उरतोच. चिखलात गाडी अडते ती इंजिनामुळे नव्हे, भूमीमुळे.

मग मंद गिअर कशासाठी? त्याचे खरे काम जोर वाढविण्याचे नसून वेग ताब्यात ठेवण्याचे आहे. दगडावरून चाक चढविताना किंवा नाल्याच्या काठावरून उतरताना क्लच न दाबता गाडी चालीच्या वेगाने चालावी, उतारावर इंजिननेच तिला रोखून धरावे, आणि चाक अकस्मात फिरून पकड सुटू नये, यासाठी तो असतो. मोठ्या टायरमुळे या गुणात दहा टक्क्यांची उणीव येते. चालक ती क्लच अर्धवट दाबून भरून काढतो, आणि क्लचची झीज होते.

रेतीत स्थिती थोडी निराळी आहे. तेथे पुढे सरकण्यास होणारा विरोध वजनाच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ३,७०० न्यूटन धरला, तर साध्या गतीच्या दुसऱ्या गिअरमध्ये मूळ टायरवर मिळणारा ३,००० न्यूटन जोर अपुरा पडतो; मोठ्या टायरवर तो २,७०० न्यूटनांपर्यंत उतरतो. मंद गतीच्या दुसऱ्या गिअरमध्ये मात्र तो अनुक्रमे ७,४०० व ६,७०० न्यूटन मिळतो. मूळ टायरवर वेगही ताशी तेरा किलोमीटर राहतो. रेती न थांबता व न धडपडता ओलांडण्यास हा वेग योग्य आहे. म्हणून कठाणीचे पात्र गाठण्यापूर्वीच ट्रान्स्फर केस मंद गतीवर घेतली पाहिजे. मध्येच गिअर बदलण्यास थांबलेली गाडी बहुधा तेथेच रुतते.

मोठ्या टायरची किंमत खरोखर इतरत्र मोजावी लागते. पकड पूर्ण मिळते अशा मुरमावर अर्ध्या आसाच्या दांड्यावर येणारे परिबल म्हणजे पकडीचा जोर गुणिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या अकरा टक्क्यांनी वाढली की दांड्यावरील ताण तितकाच वाढतो, आणि आसाचे गुणोत्तर बदलून तो कमी करता येत नाही. ब्रेकचा तोच दाब भूमीवर दहा टक्के कमी विरोध निर्माण करतो. वेगमापक ताशी ४० दाखवीत असता गाडी ४४ च्या वेगाने धावत असते. डांबरी मार्गावर मात्र इंजिन शांत वाटते व गाडी अधिक वेगाने जाते. चालकास प्रथम जाणवतो तो हाच लाभ, आणि बदल यशस्वी झाला असा ग्रह त्यामुळेच होतो.

आणखी दोन पथ्ये सांगणे अवश्य आहे. जीपसारख्या गाडीत चारी चाकांची जोडणी केल्यावर पुढील व मागील आस परस्परांस बांधले जातात. त्यामुळे दोन्ही आसांची गुणोत्तरे व चारी टायरचे व्यास सारखेच असले पाहिजेत. केवळ मागे मोठे टायर घातल्यास टणक भूमीवर प्रेषणात पीळ साठत जातो व दाते तुटतात. दुसरे असे की, साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अधांतरी झाले की त्या आसाचा जोर व्यर्थ जातो. हा दोष टायर वा गुणोत्तर यांनी दूर होत नाही. त्यासाठी डिफरन्शियल लॉकच लागतो. फोर्सच्या गुरखा या गाडीत तो दोन्ही आसांवर मुळातच दिलेला आहे.

निवड

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम निश्चित होतो. प्रथम भूमी पाहावी व तीवरून टायर ठरवावा. नंतर टायरचा व्यास व अपेक्षित मंद वेग यांवरून गुणोत्तर ठरवावे. आणि गुणोत्तर बदलणे शक्य नसेल, तर टायरलाच मर्यादा घालावी. सीजे-३बी सारख्या गाडीस ७.००-१६ चा टायर घातला, तर व्यास सुमारे ७७.५ सेंटिमीटर होतो. बेकरच्या सूत्राप्रमाणे मऊ भूमीतील विरोध सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. गुणोत्तरातील हानी सहा टक्क्यांचीच होते. ७.५०-१६ पर्यंत गेल्यास विरोधातील घट तेरा टक्क्यांवर पोहोचते. परंतु हानीही दहा टक्क्यांवर जाते. पुढच्या पायरीवर जितके मिळते, जवळजवळ तितकेच द्यावे लागते. ५.३८ चा आस कायम ठेवणाऱ्याने ७.००-१६ वर थांबणे शहाणपणाचे. ज्या गाडीचा आस ४.८८ चा आहे, तिच्या मालकास मात्र दुसरा मार्ग खुला आहे. दोन्ही आसांत ५.३८ ची जोडी बसविली आणि ८१ सेंटिमीटरचे टायर घातले, तर गाडीची ओढ पूर्वीइतकीच राहते आणि आस ४ सेंटिमीटर उंच होतो.

नव्या गाड्यांसही हाच हिशेब लागू पडतो. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारला २४५/७५ आर १६ व २५५/६५ आर १८ असे दोन मापांचे टायर दिले गेले. पहिल्याचा व्यास सुमारे ७७.४ व दुसऱ्याचा ७८.९ सेंटिमीटर येतो. व्यासातील अंतर क्षुल्लक आहे. परंतु पहिल्याच्या बाजूची उंची १८.४ व दुसऱ्याच्या बाजूची १६.६ सेंटिमीटर आहे. हवा कमी करून दबण्यास पहिल्यात अधिक वाव मिळतो. दिसण्यात मोठी रिम आकर्षक असली, तरी रेती व चिखल यांसाठी सोळा इंची रिमच अधिक उपयुक्त होय. उत्पादकाने नोंदविलेल्या तपशिलाहून वेगळे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने मर्यादा घातल्या आहेत, हेही विसरता कामा नये.

वाहनाची निवड ही भूमीच्या भवितव्याशीही निगडित आहे. धानोऱ्याजवळील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्राप्त झाला. ज्या रानातून बांबू वाहून न्यावयाचा, त्याच रानातून तो पुन्हा उगवावयाचा आहे. फिरत राहून जागच्या जागी माती उपसणारे चाक खोल चाकोरी पाडते. पहिल्या पावसात त्या चाकोरीचा ओहोळ होतो. मंद गिअरमध्ये, योग्य दाबाच्या टायरवर, न घसरता जाणारे चाक भूमी दाबते, पण फाडीत नाही.

अखेरीस एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. नाल्यास पूर आला असता ४ सेंटिमीटर उंच झालेला आस काहीही साध्य करीत नाही. पाणी गाडीच्या तळापर्यंत पोहोचले की तळाच्या दर चौरस मीटरास पुढील प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी शंभर किलोग्रॅम भार उचलून धरते. चाकांवरील भार घटतो, त्याबरोबर पकड घटते, आणि वाहते पाणी गाडीस बाजूस लोटते. रपट्यावरून पाणी जात असता थांबणे हाच योग्य निर्णय होय. त्याची जागा कोणताही टायर घेऊ शकत नाही. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेली राड व रेती पार करून रुग्णापर्यंत पोहोचणे मात्र योग्य टायर, योग्य दाब व त्यांस जुळणारे गुणोत्तर यांच्या आवाक्यातले आहे.